भरण्याआधी रिकामं करून दाखवा



या पानावर एरवी छाटणी, डाऊनी, पाणी आणि बाजारभाव यांच्याच नोंदी असतात. आजची नोंद वेगळी आहे, पण शेताबाहेरची नाही. वस्तीवर राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच घरांत परवान्याचं हत्यार आहे. कुणाकडं आजोबांच्या वेळची बाराबोअर, कुणाकडं पॉइंट ३२ चं पिस्तूल. गावापासून लांब घर, हंगामात हातात येणारी रोकड, रात्रीची पाण्याची पाळी, या कारणांनी परवाना काढला. काढला तेव्हा आपण चाळिशीत होतो. आता हात साठीचे झालेत. पिस्तुलाची स्प्रिंग मात्र होती तेवढीच कडक आहे.

माझं मत आधीच सांगतो. ज्याला आपलं पिस्तूल स्वतःच्या हातानं, घाई न करता, नळी कुणाकडं न फिरवता रिकामं करता येत नाही, त्यानं ते भरू नये. नेम कसा आहे, किती वर्षांचा परवाना आहे, हे प्रश्न नंतरचे.

हे लिहायचं कारण माझेच हात. तीस वर्षं द्राक्षबागेत कात्री चालवली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधे विरळणी आणि डिपिंग. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आता कायमचं दुखणं आहे. सकाळी मूठ वळायला वेळ लागतो. आपल्यातल्या कित्येकांचं असंच आहे. हातानं धार काढणारे, पंपाचा दांडा मारणारे, खुरपं धरणाऱ्या बायका, सगळ्यांचीच पकड वयाबरोबर सुटत जाते. साखरेचा आजार असला की बोटांना मुंग्या येतात. कुणाचं बोट वाकवल्यावर अडकतं आणि मग खटकन सरळ होतं. डॉक्टर त्याला 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. नाव कसं जुळून आलंय बघा. अशा बोटानं खऱ्या ट्रिगरशी खेळायचं म्हणजे विचार करायलाच हवा.

छोटं पिस्तूल हलकं, म्हणून सोपं, हा गैरसमज

दुकानात गेलं की म्हातारा माणूस छोटं पिस्तूल मागतो. लहान आहे, हलकं आहे, हाताला झेपेल असा हिशोब. प्रत्यक्षात उलटं असतं.

सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलात वरचा सरकणारा भाग असतो, त्याला स्लाइड म्हणतात. ती मागं ओढून सोडली की मॅगझिनमधली वरची गोळी नळीच्या मागच्या खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये जाते. पॉइंट ३२ च्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांना कुलूपबंद नसतात. गोळीचा मागचा धक्का फक्त स्लाइडच्या वजनानं आणि स्प्रिंगच्या ताकदीनं थोपवलेला असतो. पिस्तूल लहान झालं की स्लाइड हलकी होते, मग ती कसर स्प्रिंगनं भरून काढावी लागते. त्यात बोटांनी धरायला जागाही कमी. म्हणून मोठ्या पिस्तुलापेक्षा छोट्याची स्लाइड ओढायला जास्त जोर लागू शकतो. खिशाला हलकं ते हाताला हलकं असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट. पकड ढिली असली की गोळी सुटल्यावर सगळं पिस्तूलच हातात मागं उसळतं आणि स्लाइडला पूर्ण मागं जायला टेकू मिळत नाही. रिकामं पुंगळं मधेच अडकतं. ते काढायला पुन्हा स्लाइडच ओढावी लागते, आणि तेवढा जोर हातात नसतो म्हणूनच तर ते अडकलेलं असतं. म्हणजे अडचण एकदा सुरू झाली की तीच तिला वाढवते.

खरा धोका गादीखाली आहे

आमच्या शिवारात एक आबा आहेत. सत्तरी पार. एकदा बोलता बोलता म्हणाले, "मला ती स्लाइड ओढवत नाही रे आता. म्हणून पोराकडून एकदा ओढून घेतली आणि ठेवलं तसंच उशाखाली. वेळेला फक्त चाप दाबायचा."

मी म्हटलं, "आबा, आणि रिकामं करायचं झालं तर?"

"ते पोरगं आलं की करील. दिवाळीला येतंय."

आबांना कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. आबांसारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा तर्क वरवर बरोबर दिसतो. जोर नाही, म्हणून आधीच भरून ठेवू. पण याचा अर्थ काय होतो? सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाच्या घरात सगळ्यात जास्त तयार हत्यार पडून असतं. चेंबरमध्ये गोळी, आणि ती काढायची ताकद घरात कुणाच्याच हातात नाही. सुट्टीला आलेला नातू गादी उचलतो. सून चादर बदलते. स्लाइड ओढायची ताकद सहा वर्षांच्या पोरात सहसा नसते हे खरं, पण ती आधीच ओढून ठेवलेली असेल तर चाप ओढायला दोन अंगठे पुरतात.

"संकट आलं तर भरायला वेळ कुठं मिळतो?" असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण दोन्ही बाजू मांडा. चोर वस्तीवर येईल ती एखादी रात्र. पिस्तूल घरात असतं ते वर्षाचे ३६५ दिवस, आणि त्या प्रत्येक दिवशी घरात आपलीच माणसं वावरतात. शिवाय झोपेतून उठलेल्या, सांधे आखडलेल्या हातानं अंधारात काय होईल, हे ज्याचं त्यानं प्रामाणिकपणे ठरवावं.

आणि बिबट्यासाठी म्हणून कुणी पिस्तूल जवळ बाळगत असेल तर तो विचार सोडून द्या. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जिवावर बेतल्याशिवाय त्याच्यावर हत्यार चालवणं गुन्हा आहे, आणि पॉइंट ३२ नं जखमी झालेला बिबट्या गावाला जास्त महाग पडेल. पीकराखणीसाठीही पिस्तूल नाही. शस्त्र कायद्यात त्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

हात कमजोर असेल तर काय चुकतं

जोर कमी पडला की माणूस नकळत चार गोष्टी करतो. पहिली, पिस्तूल पोटाजवळ आडवं धरतो, म्हणजे नळी डावीकडं उभ्या असलेल्या माणसाकडं जाते. दुसरी, पकड घट्ट करायच्या नादात बोट चापावर जातं. तिसरी, स्लाइड दोन बोटांच्या चिमटीत धरतो आणि ती मधेच निसटते. चौथी, तळहातानं गोळी बाहेर पडायची खिडकीच झाकून टाकतो. या चारही गोष्टी ताकद वाढवून नाही, पद्धत बदलून सुधारतात. मी उजव्या हाताच्या माणसासाठी क्रम देतो. डावखुऱ्यांनी उलटा समजून घ्यावा, आणि पहिल्यांदा करताना जाणकार माणसासमोरच करावा.

१. जागा ठरवा. वाळूनं गच्च भरलेला पिंप एका कोपऱ्यात ठेवा. भरणं आणि रिकामं करणं फक्त तिथंच, नळी त्याच्याकडंच. फरशी किंवा सिमेंटची भिंत चालत नाही, गोळी उसळते. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको.

२. पिस्तूल नाही, शरीर वळवा. डावा खांदा पिंपाकडं करून उभं राहा. आता पिस्तूल छातीजवळ आडवं आलं तरी नळी पिंपाकडंच राहते. डावं कोपर नळीच्या पुढं येत नाही ना, ते बघा.

३. बोट चापाच्या कड्याबाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ चिकटलेलं. शेवटपर्यंत तिथंच.

४. आधी मॅगझिन काढा. हा क्रम कधीच उलटा करायचा नाही. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर चेंबरमधली गोळी बाहेर येते आणि तिच्या जागी दुसरी जाते. माणसाला वाटतं रिकामं झालं. आणि नुसतं मॅगझिन काढलं म्हणजेही रिकामं झालं नाही. चेंबरमधली गोळी तिथंच असते, आणि मॅगझिन नसतानाही पुष्कळ पिस्तुलं सुटतात.

५. आता स्लाइड. डावा हात वरून आणा. चारही बोटं एका बाजूला, तळहाताचा खालचा गादीसारखा भाग दुसऱ्या बाजूला, आणि पकड खिडकीच्या मागं. दोन्ही कोपरं अंगाजवळ. डाव्या हातानं स्लाइड नुसती घट्ट धरून ठेवा आणि उजव्या हातानं पिस्तूल पिंपाच्या दिशेनं पुढं ढकला. लोखंडी गेटची जाम झालेली कडी आपण बोटानं नाही, खांद्यानं सरकवतो, तसंच. बोटांचं काम फक्त धरायचं, जोर खांद्याचा आणि छातीचा. बऱ्याच लोकांना "मला जमत नाही" वाटतं ते या एका बदलानं जमतं.

६. बाहेर पडणारी गोळी तळहातात झेलू नका. झाकलेल्या खिडकीत ती आडवी होऊन तिच्या बुडाला आतली कड लागू शकते आणि हातातच फुटू शकते. खाली बारदान टाका, पडू द्या.

७. स्लाइड मागं अडकवून चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीनं चाचपा. रात्री डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरं सांगतं. स्लाइड अडकवायची कळ अंगठ्यानं वर होत नसेल तर बऱ्याच पिस्तुलांत रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढली की ती आपोआप मागं थांबते. आपल्या पिस्तुलात तशी सोय आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा. सेफ्टी लावून स्लाइड हलते की नाही, हेही प्रत्येकाचं वेगळं असतं.

भरतानाही असंच. मॅगझिनमध्ये गोळ्या दाबताना अंगठा दुखतो, त्यासाठी भरणीचं छोटं साधन दुकानात मिळतं. स्लाइड सोडताना मात्र हातानं सावकाश पुढं आणू नका. पूर्ण मागं नेऊन सोडून द्या. धरून आणली की ती नीट बसत नाही आणि गोळी अर्धवट अडकते.

हा सगळा सराव डमी काडतुसांवर करा. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. सराव दुपारी करा, आणि एकदा मुद्दाम सकाळी उठल्या उठल्या करून बघा. दुपारच्या सैल हाताचा निकाल धरून चालायचं नाही. हात सगळ्यात वाईट असतो त्या वेळचा निकाल खरा.

जुगाड नको

शेतकऱ्याचा हात जुगाडाकडं जातो. ट्रॅक्टरला, पंपाला ते ठीक आहे. इथं नाही.

स्प्रिंग कडक आहे म्हणून लेथवाल्याकडून दोन वेढे कापून आणायचे, हा उद्योग करू नका. ती स्प्रिंग गोळीचा धक्का पेलण्यासाठी आहे. कापली की स्लाइड जोरात मागं आदळते, पिस्तूल निकामी होतं, किंवा गोळी वेळेआधी उघडी पडते. शिवाय हत्यार दुरुस्त करायला कायद्यानं वेगळा परवाना लागतो, तो लेथवाल्याकडं नसतो.

पण दुकानात न्यायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा. कधी कधी दोष हाताचा नसतो, तेलाचा असतो. आपल्याकडं हत्याराला खोबरेल तेल लावायची सवय आहे. थंडीत ते बाटलीत थिजतं, तसं स्लाइडच्या खाचेतही थिजतं, वर धूळ बसून चिकट थर होतो. हत्याराचं योग्य तेल आणि नीट सफाई एवढ्यानंही स्लाइडचा जडपणा कमी होतो. सफाईच्या आधी रिकामं करणं आलंच.

हॅमर बाहेर असलेल्या पिस्तुलात हॅमर आधी मागं केला की स्लाइड हलकी जाते, असंही सांगतात. ते खरं आहे, कारण एरवी हॅमर चढवायचा जोरही स्लाइड ओढतानाच लागतो. पण चेंबरमध्ये गोळी असताना दुखऱ्या अंगठ्यानं हॅमर चढवू नका. अंगठा घसरला तर काय होईल ते सांगायला नको.

तरीही जमत नसेल तर

तर पिस्तूल बदला, किंवा थांबा. रिव्हॉल्व्हर हा एक मार्ग आहे. त्याला स्लाइड नाही. फिरकी उघडली की किती गोळ्या आहेत ते एका नजरेत दिसतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये आणलेलं 'निर्भीक' हे पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर तर अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं आहे. पण रिव्हॉल्व्हरही फुकटचं सोपं नाही. हॅमर न चढवता सरळ चाप ओढायचा तर बऱ्याच रिव्हॉल्व्हरना साडेचार-पाच किलोचा जोर एका बोटात लागतो. ज्याचं बोट अडकतं त्याला ते जमेलच असं नाही. म्हणून दुकानदारासमोर रिकाम्या हत्यारावर दहा वेळा करून बघा. अमेरिकेत २०१८ मध्ये एका नामांकित कंपनीनं मुद्दाम हलक्या स्लाइडचं पिस्तूल बाजारात आणलं, म्हणजे ही अडचण जगभरातल्या म्हाताऱ्यांची आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरा मार्ग वारसाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट तरतूद आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं राहिलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. मरेपर्यंत थांबायची गरज नाही. सातबाऱ्यावर पोरांची नावं हयातीत लावतो, वाटणी हयातीत करतो, मग हत्याराचं का अडतं? मला विचाराल तर अडतं ते मानापायी. "आबांची बंदूक" हा घराचा दरारा असतो. पण ज्या हातात जोर उरला नाही, त्या हातातल्या भरलेल्या पिस्तुलाचा दरारा चोराला कमी आणि घरच्यांनाच जास्त असतो.

निर्णय होईपर्यंत हत्यार पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं रीतसर जमा ठेवता येतं. पावती घ्या.

माझी मागणी

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आपण हत्यारं जमा करायला ठाण्यात रांग लावतो. त्या रांगेत कधी नीट बघा. पिशवीतून पिस्तूल काढून "साहेब, जरा बघा की, रिकामं आहे का" म्हणत टेबलावर ठेवणारे किती असतात. ज्याला आपलं हत्यार रिकामं आहे की भरलेलं हे सांगता येत नाही, तो एसटीत, मोटारसायकलवर, बाजारातून ते घेऊन आलेला असतो.

२०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. पाच वर्षांत साठीच्या हातात फार फरक पडतो. परवाना काढताना वैद्यकीय दाखला असतो, प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण तो दाखला डोळे, रक्तदाब, मनाची अवस्था यांच्यापुढं सहसा जात नाही. मूठ कुणी तपासत नाही. माझं म्हणणं एवढंच की नूतनीकरणाच्या वेळी पोलिस आर्मररसमोर, डमी काडतूस घातलेलं आपलंच पिस्तूल रिकामं करून दाखवायला लावावं. पाच मिनिटांचं काम आहे. जमलं तर शिक्का, नाही जमलं तर दोन महिन्यांची मुदत आणि सराव, तरीही नाही तर वारसाचा अर्ज. यात कुणाचा हक्क जात नाही.

सरकार हे कधी करील ते करील. तोवर आपल्या घरात आपण करू शकतो. कृषी अधिकारी आणि सल्लागार मंडळीही हे वाचतात, त्यांना विनंती. फवारणीच्या सुरक्षिततेचं शिबिर घेता, मास्क-हातमोजे दाखवता, त्यात एक वाक्य हत्याराचंही घाला. औषधाची बाटली आणि पिस्तूल, दोन्हींना घरात एकच नियम लागतो. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात, आणि ज्याला हाताळता येतं त्याच्याकडंच किल्ली.

या आठवड्यात एक करा. पिस्तूल असेल तर वाळूचा पिंप भरा, घरातल्यांना बाहेर पाठवा, आणि वरच्या क्रमानं रिकामं करून बघा. जमलं तर गोळ्या वेगळ्या, हत्यार वेगळं, दोन्ही कुलपात. नाहीच जमलं तर जोर लावत बसू नका. हात लावू नका, खोलीला कुलूप घाला, आणि परवानाधारक दुकानदाराला किंवा ठाण्यातल्या आर्मररला बोलावून ते रिकामं करून घ्या. त्यानंतर भरू नका.